गोमुखीतला कप्पा

"आला! आला!" प्रिती ओरडली आणि आमच्या तिसऱ्या मजल्यावर टाळ्यांचा कडकडाट झाला.

लोअर परळला एका जुन्या गिरणीच्या आवारात आमचं तपासणी केंद्र आहे. एक्स-रे, सोनोग्राफी, सीटी, एमआरआय सगळं एकाच मजल्यावर. टाळ्या वाजवणाऱ्यांत रिसेप्शनवरची प्रिती होती, एक्स-रेचे तंत्रज्ञ होते, साफसफाई बघणाऱ्या चंपाताई होत्या, आणि गुडघ्याच्या एमआरआयला आलेले एक आजोबा होते. आजोबांनी हात जोडून शेजाऱ्याला विचारलं, "कोण आलं?"

"स्कॅनचा कप्पा आला, बाबा."

"अरे वा," आजोबा म्हणाले आणि त्यांनीही टाळ्या वाजवल्या.

सगळ्यांच्या पायांत नुसते मोजे होते. सर्व्हर रूमच्या बंद दाराला लिंबू-मिरची टांगली होती. दारासमोर, वाघाचं कातडं छापलेल्या योगा मॅटवर, यंत्रयोगी कुशाबा महाराज डोळे मिटून बसले होते. त्यांचा उजवा हात भगव्या गोमुखीत होता. जपाची माळ आत, हात आत, आणि गोमुखीत दुसऱ्याने डोकावायचं नाही हा जुना नियम. महाराजांनी एक डोळा उघडून रिसेप्शनच्या मोठ्या पडद्याकडे पाहिलं, तिथे कप्प्याचा हिरवा दिवा लागल्याची खात्री केली, आणि तो डोळा परत मिटला.

"यंत्र रुसलं होतं," ते म्हणाले. "समजूत काढली."

मी शंतनु. भौतिकशास्त्रात एम.एस्सी. केलं आणि इथे यंत्रांची मापं तपासतो. कुठल्या यंत्रातून किती किरण निघतात, चित्र किती स्वच्छ येतं, असलं काम. एकदा मोजलेलं पुन्हा मोजल्याशिवाय मला बरं वाटत नाही. माझी जागा पाण्याच्या कूलरशेजारी असल्यामुळे हा सगळा सोहळा मला पहिल्या रांगेतून दिसायचा.

भानगड अशी होती. आमच्या सर्व्हरवर तीन कप्पे आहेत. एक सीटी-एमआरआयच्या स्कॅनचा, एक एक्स-रेचा, एक ऑफिसचा. गेले काही महिने स्कॅनचा कप्पा अचानक गायब व्हायचा. सर्व्हर चालू, दिवे चालू, पंखे चालू, पण कप्पा नाही. आतली चित्रं नष्ट व्हायची नाहीत, फक्त कप्पाच जागेवर नसायचा. दाराला कडी असलेली खोली अख्खीच्या अख्खी भिंतीत मुरावी तसा. मग जुने स्कॅन उघडत नसत. वरळी कोळीवाड्याहून आलेल्या एका बाईंच्या डोक्यातली गाठ वाढली की तेवढीच आहे, हे डॉक्टरांना मागच्या वर्षीचा स्कॅन बघून ठरवायचं होतं. तो स्कॅन त्या दिवशी भिंतीत होता. बाई नुसत्याच परत गेल्या.

आणि हे बहुतेक वेळा अमावास्येच्या सुमारास व्हायचं. ही गोष्ट मीही तपासून पाहिली होती. खरी होती.

सर्व्हर सांभाळते दर्शना. लालबागच्या चाळीत वाढलेली, कॉम्प्युटर इंजिनिअर, कामाला चोख आणि जिभेने तिखट. पहिल्यांदा कप्पा गेला तेव्हा तिने तो कितपत भरलाय ते पाहिलं. अर्ध्याहून जास्त रिकामा होता. डिस्क तपासली, धडधाकट होती. केबल तपासली, तीही ठीक. तिने आमचे मालक अण्णा यांना सांगितलं, "कारण सापडलेलं नाही, पण सापडेल. दोन दिवस द्या."

ज्याला लगेच उत्तर हवं असतं त्याला 'कारण सापडलेलं नाही' हे वाक्य फार टोचतं. अण्णांना त्यांच्या एका मित्राने महाराजांचा नंबर दिला. मित्राच्या कारखान्यातलं लेथ मशीन महाराजांनी म्हणे नुसत्या नजरेने सरळ केलं होतं.

महाराज आले ते तयारीनेच आले. "मेमरी म्हणजे काय? स्मृती," त्यांनी आम्हाला समजावलं. "ऋषींनी स्मृती लिहिल्या त्या कशावर? भूर्जपत्रावर. भूर्जपत्र म्हणजे त्या काळची हार्ड डिस्क. आणि क्लाउड म्हणजे मेघ. मेघांचा स्वामी वरुण. म्हणून आधी सर्व्हरवर जलप्रोक्षण."

आणि त्यांनी तांब्या उचलला.

"ए! ए! ठेवा तो खाली!" दर्शना अशी ओरडली की महाराजांच्या हातून दूर्वा पडल्या. "आत वीज आहे! वरुण-बिरुण सगळे जळतील!"

महाराजांनी तांब्या ठेवला. पण तेव्हापासून दर्शनाकडे पाहताना त्यांच्या कपाळावरचं गंध जरा आक्रसायचं. मला वाटतं, त्यांना दोन गोष्टी एकदमच कळल्या असाव्यात. एक म्हणजे या बाईला सर्व्हर कळतो. दुसरी, या इमारतीत तो कळणारी ती एकटीच आहे.

त्या दिवशी त्यांनी तीन उपाय सांगितले. पहिला असा की शिष्याला जसा गुरुमंत्र मिळतो तसा यंत्रालाही द्यावा लागतो, पण यंत्राला कान नाहीत, म्हणून विधी उलटा करायचा. यंत्राचा परवलीचा शब्द मालकाने गुरूच्या कानात सांगायचा. अण्णांनी तो शुचिर्भूत होऊन सांगितला. दुसरा, लिखित जप. माणसं वहीत कोटी वेळा नाम लिहितात, तसं यंत्राने स्वतः लिहायचं. त्यासाठी त्यांनी हळद-कुंकू लावलेला एक पेनड्राइव्ह दिला, आणि अण्णांनी तो स्वतःच्या हाताने सर्व्हरला लावला. त्यातला प्रोग्राम रात्रंदिवस स्कॅनच्या कप्प्यात नाम लिहीत राहील, आणि जसं वह्यांचं विसर्जन करतात तसं प्रत्येक पौर्णिमेला लिहिलेलं आपोआप पुसून पुन्हा पहिल्यापासून सुरू करेल. तिसरा उपाय, कप्पा रुसला की महाराजांना बोलवायचं आणि जप करवून घ्यायचा. जपाच्या वेळी मोबाइलच्या लहरींचा उपद्रव नको म्हणून सगळ्यांचे फोन एका पितळी परातीत ठेवायचे. सर्वांत आधी ते स्वतःचा फोन ठेवत.

कप्पा तरीही पुन्हा गेला, आणि महाराजांनी तो पुन्हा आणला. दोनदा, तीनदा. दर वेळी भिंतीतून खोली बाहेर यावी तसा. मोज्यांतली गर्दी वाढत गेली. खालच्या मजल्यावरच्या जाहिरात कंपनीतली मुलंसुद्धा बघायला येऊ लागली.

"एवढं करूनही परत परत का रुसतं, महाराज?" अण्णांनी एकदा विचारलं.

महाराजांनी उसासा सोडला. "सांगणार नव्हतो. पण यंत्राला विटाळ होतो."

दर्शनाने मान वर केली.

"स्त्रीस्पर्श," महाराज म्हणाले. "तोही नको त्या दिवसांत. यंत्र बोलत नाही बिचारं, निघून जातं."

अण्णा वाईट माणूस नाहीत. लालबागच्या एका गाळ्यात एक जुनं एक्स-रे यंत्र घेऊन त्यांनी सुरुवात केली, आणि अजूनही गरीब पेशंटला ते परत पाठवत नाहीत. पण त्या दिवशी त्यांनी दर्शनाला केबिनमध्ये बोलावून, तिच्याकडे न बघता सांगितलं, "तू आता सर्व्हरला हात लावू नकोस. की-बोर्डनेही नको. म्हणजे, मी मानतो असं नाही गं. पण कशाला उगाच."

"अण्णा, मी गणपतीत मालवणला गेले होते, तेव्हाही कप्पा गेला होता. आठवतंय?"

अण्णांनी हा मुद्दा महाराजांपुढे ठेवला. महाराज म्हणाले, "विटाळ मागे रेंगाळतो."

पुढच्या अमावास्येला महाशांती ठरली. तीही यशस्वी झाली की विटाळाचं मूळ कायमचं दूर करायचं, म्हणजे दर्शनाची बदली वडाळ्याच्या गोदामात. तिथे आमच्या जुन्या एक्स-रे फिल्म्सच्या पेट्या असतात. फिल्म्सना विटाळ होत नसावा.

"राजीनामा देते," दर्शना मला म्हणाली. आम्ही गेटबाहेर चहा पीत होतो. "पण देऊन काय होणार? बाहेर विचारतील, का सोडलंस? काय सांगू? मशीन माझ्यामुळे बाटलं म्हणून?"

"राजीनामा नंतर दे. आधी मला एक सांग. कप्पा अर्धा रिकामा आहे असं तू म्हणतेस. कुणाच्या हिशेबाने रिकामा?"

"म्हणजे?"

"म्हणजे हे तुला कोण सांगतं?"

"कप्पाच सांगतो."

"आणि खालची खरी डिस्क काय म्हणते?"

दर्शनाने ग्लास खाली ठेवला. चहा अर्धा राहिला होता. "चल वर," ती म्हणाली.

आम्ही जेवणाच्या सुट्टीत माझ्या टेबलावर बसलो. तिला की-बोर्डला हात लावायची बंदी होती, म्हणून ती बोलत गेली आणि मी टाइप करत गेलो. मी पुरुष असल्यामुळे माझी बोटं महिनाभर शुद्ध असतात. आणि आवाजाच्या विटाळाबद्दल महाराजांनी काही सांगितलेलं नव्हतं.

पडद्यावर दोन आकडे आले. कप्पा म्हणत होता, मी अर्ध्याहून जास्त रिकामा. खालची खरी डिस्क म्हणत होती, मी जवळजवळ तुडुंब.

"अगं बाई," दर्शना म्हणाली. तिने दोन्ही आकडे बोट ठेवून पुन्हा वाचले. मग म्हणाली, "मी चुकीच्या ठिकाणी बघत होते रे. रिकामी खोली बघत होते. इमारत बघितलीच नाही."

ते काय होतं ते पुढे येईलच. आम्ही तसेच अण्णांकडे गेलो. दर्शनाने सांगितलं, की कप्पा का जातो ते कळलं आहे. डिस्क भरत आली की सर्व्हरमधलाच एक पहारेकरी प्रोग्राम कप्पा काढून घेतो. आणि डिस्क भरते ती बऱ्याच अंशी महाराजांच्या जपाने.

अण्णांनी ऐकून घेतलं. मग चष्मा काढून पुसत म्हणाले, "बरं. जातो कसा ते कळलं. पण महाराज नुसत्या जपाने परत आणतात, सर्व्हरला हातही न लावता, दाराला कुलूप असताना. ते कसं?"

ते आम्हाला सांगता आलं नाही.

"मग?" अण्णा म्हणाले. "शांतीच्या दिवशी बघू."

माझ्या मते अण्णांचा प्रश्न रास्त होता. अर्ध्या चमत्काराचं उत्तर देऊन चमत्कार अर्धा होत नाही. मी टेबलावर येऊन विचार करत बसलो. सर्व्हरला अमावास्या कळत नाही, संस्कृतही कळत नाही. त्याला फक्त हुकूम कळतो. हुकूम जायला रस्ते दोनच. एक, सर्व्हरला जोडलेला की-बोर्ड. तो कुलपाआड. दुसरा, नेटवर्क. नेटवर्कमध्येही दोनच वाटा. टेबलांवरच्या कॉम्प्युटरच्या तारा, पण जपाच्या वेळी सगळे लोक टेबलं सोडून दारासमोर उभे असतात. राहिली वाय-फायची. वाय-फायचा डबा आमच्या मजल्यावर एकच आहे, आणि त्याचं बटण पाण्याच्या कूलरमागे, माझ्या कोपराजवळ.

मी दर्शनाला सांगितलं. ती हसली. त्या महिन्यात पहिल्यांदाच.

"फोन तर सगळ्यांचे परातीत असतात," ती म्हणाली.

"सगळ्यांचा एक-एक असतो."

महाशांतीच्या दिवशी सकाळीच कप्पा गेला. डिस्क ज्या वेगाने भरत होती ते पाहून दर्शनाने तो दिवस आधीच सांगितला होता, पण त्याचं कौतुक करायला कुणाला वेळ नव्हता. दुपारपर्यंत मजला भरला. जाहिरात कंपनीची मुलं आली. डॉक्टरही बाहेर येऊन मोज्यांवर उभे राहिले. परातीत फोन पडू लागले, पहिला महाराजांचा. महाराजांनी मॅट पसरली, मंत्र सुरू केले आणि हात गोमुखीत घातला.

मी कोपराने बटण बंद केलं.

जप चालू राहिला. पडद्यावर तांबडा दिवा. महाराजांच्या आवाजात आधी ठेका होता, हळूहळू ठेका गेला आणि नुसता आवाज राहिला. मी गोमुखीकडे बघत होतो. घरी जप पाहिलेल्या माणसाला मणी कसा ओढतात ते ठाऊक असतं. अंगठा एका लयीत, एकाच दिशेने फिरतो. या गोमुखीत अंगठा थांबायचा, टकटक करायचा, परत थांबायचा, आणि मग चिडल्यासारखा तीनदा आपटायचा.

"महाराज, आज वेळ लागतोय," अण्णा हळूच म्हणाले.

महाराजांनी डोळे उघडले. "लागणारच. विटाळ इथेच उभा आहे."

सगळ्यांनी दर्शनाकडे पाहिलं. ती जिन्यात जाऊन उभी राहिली. पुन्हा जप. पुन्हा तांबडा दिवा.

"जिना म्हणजे मजल्याचाच भाग," महाराज म्हणाले.

ती खाली गेटवर गेली. जप झाला. तांबडाच.

"आवाराबाहेर?" अण्णांनी विचारलं.

"आवाराबाहेर."

जाहिरात कंपनीतला एक मुलगा कुजबुजला, "बॉस, वडाळ्यालाच पाठवा डायरेक्ट. नाहीतर ठाण्याला."

कुणीतरी फिस्सकन हसलं. महाराजांनी तिकडे पाहिलं, आणि पहिल्यांदाच मला त्यांच्या मिशीवर घाम दिसला.

"अण्णा," मी म्हणालो, "ती आता चहाच्या टपरीवर आहे. गेली तरी कप्पा आलेला नाही. मग आता तिला वर बोलवून बघूया? दाराला अगदी चिकटून उभं करूया. तरीही नाही आला, तर महाराजांचं म्हणणं तपासून तरी होईल."

"अनर्थ होईल," महाराज म्हणाले.

"अनर्थ सकाळपासून झालेलाच आहे," डॉक्टर म्हणाले. "माझे सहा पेशंट बसलेत बाहेर. बोलवा तिला."

दर्शना आली आणि सर्व्हर रूमच्या दाराला पाठ लावून उभी राहिली, लिंबू-मिरचीच्या बरोबर खाली. महाराजांना माघार घेता येईना. त्यांनी पुन्हा मंत्र सुरू केला, हात पुन्हा आत घातला.

मी कोपराने बटण चालू केलं.

वाय-फाय सुरू व्हायला थोडा वेळ लागतो. तेवढ्यात अंगठा एकदा थबकला. मग टकटक, टकटक, एका दमात. महाराजांच्या चेहऱ्यावर हळूहळू शांती पसरली. आणि पडद्यावर हिरवा दिवा लागला.

"आला!" प्रिती ओरडली. टाळ्या वाजल्या. मग एकेक करून टाळ्या थांबल्या, कारण दर्शना दारालाच टेकून उभी होती.

"विटाळ दाराला चिकटलेला आहे आणि कप्पा आला," मी म्हणालो. "मघाशी विटाळ गेटबाहेर होता आणि कप्पा आला नाही. म्हणजे विटाळाचा संबंध नाही. तिच्याशिवाय मधल्या वेळात एकच गोष्ट बदलली." मी कूलर बाजूला सरकवून बटण दाखवलं. "हे. मघाशी वाय-फाय बंद होतं. आता चालू आहे."

चंपाताईंनी कूलरखाली सांडलेलं पाणी पुसायला घेतलं.

अण्णा उठले आणि महाराजांसमोर बसले. "महाराज, तुमच्या गोमुखीत माळ आहे ना?"

"अर्थात."

"बघू?"

"अण्णासाहेब! गोमुखीत डोकावलं की जप भ्रष्ट होतो. तुम्ही संस्कारी घरातले..."

"माझी आई रोज गोमुखीत जप करायची. मला माहीत आहे, डोकावायचं नाही. मी डोकावत नाही." असं म्हणून अण्णांनी बाहेरूनच कापडाला हात लावला. त्यांनी बोटांनी चाचपलं. एका कोपऱ्यावरून दुसऱ्या कोपऱ्यावर गेले. त्यांचा चेहरा अजिबात बदलला नाही.

"महाराज," ते म्हणाले, "तुमची माळ चौकोनी आहे."

तो फोन पुढे पोलिसांकडे गेला. महाराज पूर्वी नव्या मुंबईत एका कंपनीत सर्व्हर दुरुस्तीचंच काम करत होते, हेही पुढे कळलं. चौकीवरच्या साहेबांनी फक्त एवढंच विचारलं, "म्हणजे नेमकं चोरीला काय गेलं?" दर्शना म्हणाली, "परवलीचा शब्द." साहेबांनी विचारलं, "कुणी दिला?" अण्णा चौकीच्या छताकडे बघू लागले.

पण हे नंतरचं. त्या दुपारी महाराज मॅट न गुंडाळताच जिना उतरले, तरी गर्दी हलेना. प्रिती म्हणाली, "फोन होता ते ठीक आहे. पण जपातही काहीतरी असेलच ना? नाहीतर इतक्या वेळा कसं झालं?"

"दर्शना," मी म्हणालो, "कप्पा काढतेस?"

दर्शनाने अण्णांकडे पाहिलं. अण्णांनी होकारार्थी मान हलवली. तिने माझा की-बोर्ड स्वतःकडे ओढला आणि कप्पा काढला. तांबडा दिवा. मी मॅटवर बसलो, डोळे मिटले आणि मोठ्याने एकोणतीसचा पाढा सुरू केला. एकोणतीस एके एकोणतीस, एकोणतीस दुणे अठ्ठावन्न. एकोणतीस सक्कं एकशे चौऱ्याहत्तरला हिरवा दिवा लागला. दर्शनाचं टाइप करून झालं होतं.

आजोबांसारखे दुसरेच एक गृहस्थ होते, त्यांनी टाळ्या वाजवल्या. बाकी कुणी नाही.

"आता मला नीट सांग," अण्णा दर्शनाला म्हणाले. "मला कळेल असं. हे भरतं काय, रिकामं काय, आणि जातं काय?"

दर्शनाने खुर्ची ओढली. "सर्व्हर ज्या कंपनीने बसवला, त्यांनी तिन्ही कप्प्यांना सांगून ठेवलंय की अख्खी डिस्क तुमची. स्कॅनला वाटतं डिस्क माझी, एक्स-रेला वाटतं माझी. डिस्क खरी एकच. सगळे एकदम भरत नाहीत, म्हणून हे चालून जातं."

अण्णा तिच्याकडे बघत राहिले. "म्हणजे आमचो गाळो," ते म्हणाले.

"काय?"

"लालबागचा. माझे वडील, बुधाजी, गिरणीत होते. एका गाळ्यात पंधरा-वीस जणांची झोपायची सोय. झोपायला जागा पाच-सहा जणांची. एक माणूस पहिल्या पाळीला गेला की त्याची वळकटी गुंडाळायची, रातपाळीवाल्याची पसरायची. प्रत्येक जण गावी कळवायचा, मुंबईत माझी जागा आहे."

"तेच, अण्णा! अगदी तेच!"

"आणि संप झाला तेव्हा?" अण्णा म्हणाले. "तिन्ही पाळ्या एकदम घरात. पाय ठेवायला जागा नाही. जमीन करकरायची. मग गाळ्याचा म्होरक्या सगळ्यांना उठवून बाहेर गॅलरीत काढायचा. आत कुणी चेंगरून मरायला नको म्हणून."

"तो म्होरक्या म्हणजे सर्व्हरमधला पहारेकरी," दर्शना म्हणाली. "डिस्क भरत आली, नवी जागा मिळत नाही असं दिसलं, की तो कप्पा बाहेर काढतो. आतली चित्रं खराब होऊ नयेत म्हणून. त्याने आपलं भलंच केलं. आपण त्याला भूत समजलो."

"पण कप्पा रिकामा दिसायचा म्हणालीस."

"जप पौर्णिमेला पुसला जायचा ना? कप्प्याच्या हिशेबाने जागा मोकळी. पण डिस्कला कुणी सांगितलंच नाही की हे गेलं."

"ट्रंक," अण्णा म्हणाले. "माणूस शिमग्याला कोकणात गेला, पण त्याची ट्रंक जागेवरच. तो परत येणार की नाही, कुणी सांगत नाही. दुसऱ्याला ती जागा मिळत नाही."

"आणि नवा जप नव्या जागेत लिहिला जायचा. पौर्णिमेपासून पंधरा दिवसांत जागा संपायची. म्हणून अमावास्या. महाराज काय करायचे, तर फोनवरून एक हुकूम द्यायचे की गेलेल्यांच्या ट्रंका उचला. जागा सुटली की दुसरा हुकूम, कप्पा परत लावा. संपलं. मला आधी डिस्क बघायला सुचलं असतं तर मीही केलं असतं."

अण्णांनी पुन्हा चष्मा काढला. "म्हणजे रोगही तोच देत होता."

"पहिल्यांदा कप्पा गेला तो आपणच पुसलेल्या जुन्या फायलींच्या ट्रंकांमुळे. पुढचा सगळा रोग पेनड्राइव्हमधून. हळद-कुंकू लावून."

अण्णा उठले. दाराजवळ जाऊन त्यांनी लिंबू-मिरची काढली, चंपाताईंच्या बादलीत टाकली, कुलूप उघडलं आणि दार पूर्ण आत ढकललं. आतली गार हवा बाहेर आली.

"जा गो चेडवा," ते म्हणाले. "तुझी खोली."

दर्शना उंबऱ्यावर थांबली. सगळा मजला बघत होता. तिने वळून, सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात विचारलं, "नक्की, अण्णा? आज माझा दुसरा दिवस आहे."

प्रितीने तोंडावर हात ठेवला. अण्णांचे कान लाल झाले. त्यांनी खाली पाहिलं, मग कष्टाने मान वर करून थेट तिच्याकडे पाहिलं. केबिनमध्ये त्यांना जमलं नव्हतं ते.

"जा," ते म्हणाले.

ती आत गेली आणि तिने सर्व्हरच्या काळ्या पत्र्यावर सपाट हात ठेवला. सगळे मोठ्या पडद्याकडे बघत होते. मीही बघत होतो, हे कबूल केलं पाहिजे. मोजल्याशिवाय मला बरं वाटत नाही.

हिरवा दिवा हिरवाच राहिला. ती हात ठेवून उभी होती तोवर, आणि नंतरही. डॉक्टरांनी घड्याळात पाहिलं आणि कोळीवाड्याच्या बाईंना फोन करायला सांगितलं.

जपाला माझा विरोध नाही. माझ्या घरी गोमुखी आहे आणि तिच्यात माळ आहे. पण कुणी एखाद्या गोष्टीचं श्रेय घेत असेल आणि तिथे बघायला मनाई करत असेल, तर बघा. कापड उघडायला संकोच वाटला तर बाहेरून चाचपा. एका वेळी एकच गोष्ट बदला आणि काय होतं ते पाहा. कारण सापडलं नसेल तर 'सापडलं नाही' म्हणा आणि शोधणाऱ्याला दोन दिवस द्या. आणि यंत्र बिघडलं म्हणून बाईला बाहेर उभं करायची वेळ आली, तर आधी वाय-फायचं बटण पाहून घ्या.

दर्शनाने तो जप थांबवला, पेनड्राइव्ह काढला आणि नव्या डिस्का मागवल्या. डिस्क किती भरली ते आता रिसेप्शनच्या मोठ्या पडद्यावर दिसतं. मागच्या अमावास्येला आम्ही सगळे उगाचच त्याखाली जमलो होतो. काही झालं नाही. आम्ही बूट घालून उभे होतो.